वाचक विचारतात : जनरेटरला स्पीकर थेट जोडू का?

मागच्या अंकात फंक्शन जनरेटरची (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा आणि आकाराचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाची) तोंडओळख दिली होती, त्यात जाता जाता म्हटलं होतं की एखादा छोटा स्पीकर लावून आवाज ऐकून बघा. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. पत्रं थोडी कापलीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : सर, माझ्याकडे ८ ओहम ०.५ वॅटचा छोटा स्पीकर आहे आणि जनरेटरच्या आउटपुटवर ५० ओहम लिहिलंय. थेट जोडला तर दोघांपैकी कोण जळेल? भीत भीत एकदा जोडून बघितला, जनरेटरवर ५ व्होल्ट पीक टू पीक (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) सेट केलं होतं, पण स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) स्पीकरच्या टोकांना जेमतेम १.४ व्होल्ट आले आणि आवाजही बारीकच. जनरेटर गेला का?

उत्तर : नाही गेला, अगदी ठणठणीत आहे, उलट तुमचा १.४ चा आकडा इतका बरोबर आलाय की तोच धरून सगळं सांगता येईल. जनरेटरच्या आत आउटपुटच्या वाटेवर ५० ओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो, आणि स्क्रीनवरचे ५ व्होल्ट म्हणजे "समोर ५० ओहमचाच लोड लावलात तर ५ मिळतील" असा त्याचा अर्थ असतो. आत खरे १० व्होल्ट तयार होतात, निम्मे आतल्या ५० ओहमवर पडतात, निम्मे बाहेरच्या. तुम्ही ५० च्या जागी ८ लावलेत, मग वाटणी ५० आणि ८ मध्ये झाली, म्हणजे १० गुणिले ८ भागिले ५८, उत्तर १.३८. स्कोपने तेच दाखवलं.

आता पॉवर बघा. १.३८ पीक टू पीक म्हणजे साईन वेव्हला साधारण ०.४९ व्होल्ट आरएमएस (पॉवरच्या हिशेबाला धरायचं परिणामी व्होल्टेज), त्याचा वर्ग करून ८ ने भागा, ०.०३ वॅट. तुमचा स्पीकर अर्ध्या वॅटचा, त्याला यातून ऊबसुद्धा लागणार नाही. जनरेटर पूर्ण म्हणजे १० व्होल्टवर नेलात तरी ०.१२ वॅटच्या आसपास. आणि कितीही डोकं लढवलंत, मधे ट्रान्सफॉर्मर घालून ५० आणि ८ ची जोडी अगदी जुळवलीत, तरी असल्या १० व्होल्टच्या जनरेटरमधून पाव वॅटच्या वर काही निघत नाही, ती त्याची हद्दच आहे. तो मोजमापाला सिग्नल देणारा प्राणी आहे, अँप्लिफायर नाही, लोक त्याच्याकडून अँप्लिफायरचं काम मागतात आणि मग आवाज येत नाही म्हणून नॉब फिरवत बसतात.

जनरेटरच्या बाजूनेही घाबरायचं कारण नाही. ५० ओहम आत असल्यामुळे आउटपुट सरळ शॉर्ट झालं तरी करंट पीकला २०० मिलिअँपिअरच्या वर जात नाही, आणि बहुतेक जनरेटर एवढं सहन करायलाच बनवलेले असतात, तरी मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या, कारण स्वस्तातल्या काही किटमध्ये हे संरक्षण नसतं. एक सेटिंग मात्र तपासा, मेनूमध्ये लोड "५० ओहम" आहे की "हाय झेड". हाय झेड (समोर जवळपास लोडच नाही असं धरलेलं) असेल तर स्क्रीनवर आतले खरे व्होल्ट दिसतात, त्यामुळे तोच जनरेटर, तेच आउटपुट, पण एकाकडे ५ दिसतं आणि दुसऱ्याकडे १०, आणि मग दोघं भांडतात.

हा हिशेब साईन वेव्हचा होता. स्क्वेअर लावलीत तर त्याच पीक टू पीकला पॉवर दुप्पट होते, आणि शिवाय वरचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सूर) भरपूर असतात म्हणून कानाला ती कितीतरी कर्कश लागते. सुरुवात साईननेच करा, १ किलोहर्ट्झ, अँप्लिट्यूड अगदी खाली, मग हळूहळू वर.

प्रश्न : माझा स्पीकर फाटल्यासारखा वाजतोय आणि त्याचा पडदा जरासा पुढे येऊन बसलाय असं वाटतं. आउटपुट बंद केलं की टक् आवाज होऊन मागे जातो. स्पीकर नवीनच आहे.

उत्तर : ऑफसेट बघा. जनरेटरवर डीसी ऑफसेट (सिग्नलमध्ये मिसळलेलं स्थिर व्होल्टेज) नावाचा नॉब किंवा मेनू असतो, कुणीतरी आधी लॉजिक सर्किटला ० ते ५ व्होल्टचा सिग्नल द्यायला तो वर नेलेला असतो आणि शून्यावर आणायचं राहून जातं. तुम्ही वर्णन केलेली लक्षणं नेमकी त्याचीच आहेत. डीसीने व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) एका बाजूला ढकलून धरली जाते, त्यामुळे पडद्याला हलायला एकीकडे जागाच उरत नाही आणि आवाज चिरकतो.

यात गंमत अशी की डीसीचा आवाज काहीच येत नाही, पण तापवायचं काम तो इमानेइतबारे करतो. ५० ओहमच्या सेटिंगवर ५ व्होल्ट ऑफसेट असेल तर कॉइलमधून सतत १७५ मिलिअँपिअर वाहतात (८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मल्टीमीटरवर ६-७ ओहमच दाखवते, तो दोष नव्हे) आणि ०.२ वॅट उष्णता कॉइलमध्ये जिरते. अर्ध्या वॅटचा स्पीकर हे काढेल, पण पाव वॅटचा तो नखाएवढा स्पीकर असेल तर तुम्ही त्याला सगळी कमाई नुसती गरम होण्यातच खर्च करायला लावताय.

उपाय दोन. पहिला, जोडण्याआधी मल्टीमीटर डीसीवर ठेवून जनरेटरचं आउटपुट मोजा, शून्याच्या जवळ आलं पाहिजे. दुसरा, स्पीकरला सिरीजमध्ये कपॅसिटर लावून टाका म्हणजे ऑफसेटची चिंताच मिटली. १०० मायक्रोफॅरडचा चालतो, ५० अधिक ८ ओहमशी त्याची कटऑफ (जिच्या खालचा सिग्नल तो अडवतो ती फ्रिक्वेन्सी) २७ हर्ट्झच्या आसपास येते, छोटा स्पीकर एवढ्या खाली कुठे वाजतोय. फक्त तो नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) घ्या, कारण जनरेटरचा सिग्नल दोन्ही बाजूंना जातो आणि साधा इलेक्ट्रोलायटिक उलट व्होल्टेजला रुसतो. नॉन-पोलर नाही मिळाला तर २२० चे दोन साधे घेऊन त्यांचे प्लस प्लसला जोडा आणि मोकळे राहिलेले दोन मायनस वापरा, झाला ११० चा नॉन-पोलर.

कपॅसिटर लावायच्या आधी एक करून बघाच, ऑफसेट शून्य, अँप्लिट्यूड कमी, आणि फ्रिक्वेन्सी २ हर्ट्झ. आवाज नाही, पण पडदा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होताना स्पष्ट दिसतो. आता ऑफसेट थोडा थोडा वाढवा, हालचाल तेवढीच राहते पण तिचा मधला बिंदू सरकतो. बोटाचं टोक पडद्याच्या कडेला हलकं टेकवलंत तर ते हातालाही कळतं, मधल्या टोपीला मात्र दाबू नका.

प्रश्न : लॅबमध्ये एक जुना ऑडिओ ऑसिलेटर आहे, आउटपुट ६०० ओहम. १० व्होल्ट देतो असं लिहिलंय पण स्पीकर मुळीच वाजत नाही.

उत्तर : वाजतोय, तुम्हाला ऐकू येत नाहीये एवढंच. वाटणी आता ६०० आणि ८ मध्ये होते, १० व्होल्ट आरएमएसमधले स्पीकरला ०.१३ मिळतात, म्हणजे दोन मिलिवॅट. शांत खोलीत कान जवळ नेलात तर ऐकू येईल. त्याला मधे अँप्लिफायर हवाच. पण तो ऑसिलेटर भंगारात काढू नका हं, ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी १९३९ साली उभी राहिली ती अशाच एका ऑडिओ ऑसिलेटरवर, आणि त्यात अँप्लिट्यूड स्थिर ठेवायला चक्क एक छोटा बल्ब वापरला होता. जुन्या ऑसिलेटरची साईन वेव्ह आजच्या कितीतरी स्वस्त डिजिटल मॉड्यूलपेक्षा स्वच्छ निघते.

प्रश्न : स्पीकरवर आवाज कमी येतो म्हणून हेडफोन लावून ऐकलं तर चालेल ना? तेवढ्याने जनरेटरवर लोडही कमी पडेल.

उत्तर : जनरेटरची काळजी केलीत, कानांची नाही केलीत! आजच्या सगळ्या पत्रांत खरा धोका याच एका पत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हेडफोन साधारण ३२ ओहमचा धरा, पूर्ण आउटपुटला त्याच्या वाट्याला ७.८ व्होल्ट पीक टू पीक येतात, म्हणजे जवळजवळ ०.२४ वॅट. स्पीकरला हे किरकोळ, पण हेडफोन एका मिलिवॅटला १०० डेसिबलच्या घरात आवाज देणारी वस्तू आहे, आणि २४० मिलिवॅट म्हणजे त्याच्या वर आणखी २४ डेसिबल. १२४ डेसिबल, तेही कानाला चिकटून. इतक्या आवाजाने कानाला कायमची इजा व्हायला फार वेळ लागत नाही.

आणि हे जाणूनबुजून कुणी करत नाही, ते होतं असं. माणूस "मला कुठवर ऐकू येतं बघू" म्हणून १७-१८ किलोहर्ट्झवर जातो, काही ऐकू येत नाही, म्हणून अँप्लिट्यूड वाढवतो, तरी नाही, आणखी वाढवतो, आणि मग त्याच अँप्लिट्यूडवर फ्रिक्वेन्सीचा नॉब खाली आणतो. ३-४ किलोहर्ट्झला कान सगळ्यात तिखट असतो, तिथे पोचला की हेडफोन फेकून द्यावा लागतो. स्वीप (फ्रिक्वेन्सी आपोआप बदलत नेणारी सोय) लावून ठेवला असेल तर नॉबलाही हात लावायची गरज नाही, तो आपोआपच तिथे येतो.

हेडफोन वापरायचाच असेल तर मधे कायमचा अडसर बांधा. जनरेटरच्या गरम टोकाला १ किलोओहम सिरीजमध्ये, त्याच्यापुढे १० ओहम ग्राउंडला, आणि त्या १० ओहमच्या दोन टोकांवर हेडफोन. आता नॉब चुकून टोकाला गेला तरी हेडफोनला एकूण व्होल्टेजचा शंभरावा हिस्साही पोचत नाही. रेझिस्टर पाव वॅटचे पुरतात. १० ओहमचा पाय सुटला तर मात्र अडसर बराच कमी होतो, म्हणून ब्रेडबोर्डवर नको, सोल्डर करून एका डबीत बंद करा. आणि आवाज बदलताना हेडफोन कानावर नाही, गळ्यात. अगदी कानात आत जाणाऱ्या इअरफोनवर तर जनरेटर वापरूच नका असं मी म्हणेन, त्यातले काही अजून जास्त संवेदनशील असतात.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. एडी ९८३३ चं (सिग्नल तयार करणाऱ्या चिपचं) मॉड्यूल घेतलं, त्याच्यापुढे एलएम ३८६ ची छोटी अँप्लिफायर चिप, ९ व्होल्टची बॅटरी आणि ०.५ वॅटचा स्पीकर. वाजतं, पण साईन लावली तरी आवाज भोंग्यासारखा येतो. मॉड्यूल खराब असेल का सर?

उत्तर : मॉड्यूल बरं आहे, तू त्याच्यापुढे जे लावलंस त्याला ते जास्त होतंय. ९८३३ थेट ०.६ व्होल्ट पीक टू पीक देतं आणि त्यात अँप्लिट्यूड कमी-जास्त करायची सोय नसते. ३८६ चं गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) पिन १ आणि ८ मोकळ्या ठेवल्या तरी २० असतं, म्हणजे चिप बिचारी १२ व्होल्ट काढायला बघते आणि बॅटरी ९ ची. वरचं टोक कापलं, खालचं कापलं, साईनची जवळजवळ स्क्वेअर झाली, म्हणून भोंगा. कुणीतरी सांगितलं म्हणून १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला असशील तर गेन २०० होतं, तो आधी काढ.

शिवाय ९८३३ चा सिग्नल शून्याभोवती नसतो, तो सगळा शून्याच्या वर असतो, मधोमध साधारण ०.३५ व्होल्ट डीसी. ३८६ च्या इनपुटला ०.४ व्होल्टच्या पलीकडे नेऊ नये असं डेटाशीट सांगतं आणि तुझ्या सिग्नलचं टोक ०.६५ ला जातंय. तेव्हा मॉड्यूलनंतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग १० किलोओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), पॉटच्या मधल्या पायावरून ३८६. पॉट आधी पूर्ण खाली ठेव. अर्धा वॅट ८ ओहमला म्हणजे २ व्होल्ट आरएमएस, त्यासाठी चिपला आत फक्त ०.१ व्होल्ट आरएमएस लागतात, म्हणजे पॉट अर्ध्याच्याही खालीच राहील.

मी मात्र अर्ध्या वॅटपर्यंत नेऊ नको म्हणेन. स्पीकरवरचा वॅटचा आकडा बहुधा गाणी-बोलणी धरून दिलेला असतो, त्यात मधे मधे कॉइलला दम खायला मिळतो, सतत वाजणारी साईन तिला दम घेऊ देत नाही. पाव वॅटच्या खाली राहा, म्हणजे स्पीकरवर १.४ व्होल्ट आरएमएस, मल्टीमीटरने मोजता येतात. ३८६ च्या आउटपुटला सिरीजमध्ये कपॅसिटर लावलायस ना? तो नसेल तर बॅटरीचे निम्मे व्होल्ट डीसी म्हणून थेट स्पीकरवर बसतील, आणि इथे वाचवायला ५० ओहम नाहीयेत. २२० मायक्रोफॅरड चालेल, ४७० असेल तर खालचा आवाज जास्त चांगला.

प्रश्न : ५ व्होल्टवर चालणारा पीएएम ८४०३ चा छोटा अँप्लिफायर बोर्ड वापरतो. जनरेटरने सिग्नल देतो, आवाज मस्त. पण स्कोपची ग्राउंड क्लिप स्पीकरच्या मायनसला लावली की आवाज बिघडतो आणि चिप भयंकर तापते.

उत्तर : लगेच काढा ती क्लिप. या बोर्डावर स्पीकरची "मायनस" वायर ग्राउंड नाहीये, दोन्ही वायरी जिवंत आहेत, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. तुमच्या जनरेटरच्या बीएनसीचं (आउटपुटच्या गोल सॉकेटचं) बाहेरचं कडं आणि स्कोपची क्लिप, दोन्ही बहुतेक वेळा आतून मेनच्या अर्थला बांधलेली असतात. जनरेटरमधून बोर्डाचं ग्राउंड अर्थला गेलं, स्कोपमधून आउटपुटची वायर अर्थला गेली, झालं शॉर्ट, तेही तुम्ही एकही वायर चुकीची न जोडता. स्कोपचे दोन चॅनल घ्या, एकेक प्रोब एकेका वायरवर, दोन्ही क्लिपा बोर्डाच्या ग्राउंडला, आणि स्कोपला वजाबाकी करायला सांगा. स्क्रीनवर साईनऐवजी झाडू दिसला तर दचकू नका, ही चिप शेकडो किलोहर्ट्झवर चालूबंद होत असते, प्रोबच्या आधी १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर टाका की साईन दिसेल.

प्रश्न : घरच्या म्युझिक सिस्टीमचा स्पीकर जागेवरच तपासायचाय. सिस्टीम बंद ठेवून जनरेटरच्या क्लिपा स्पीकरच्या टर्मिनलला लावू का?

उत्तर : आधी सिस्टीमच्या वायरी स्पीकरवरून सोडवा, मग लावा. बंद अँप्लिफायरचं आउटपुट लोड म्हणून तुमच्या सिग्नलला खाऊ शकतं आणि रीडिंग खोटं येतं, ते एक. दुसरं, कुणी ती सिस्टीम चालू केली तर अँप्लिफायरचा सगळा जोर उलटा जनरेटरच्या आउटपुटमध्ये शिरेल. जनरेटर शॉर्ट सहन करतो म्हणजे बाहेरून आलेले व्होल्टही सहन करतो असं नाही, बहुतेक जनरेटर मरतात ते असेच.

प्रश्न : छोट्या स्पीकरची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (जिथे पडदा आपसूक सगळ्यात जोरात हलतो ती) घरी काढता येते का? महागडं काही नाहीये, जनरेटर आणि साधा मल्टीमीटर आहे.

उत्तर : मस्त प्रश्न, आणि एवढ्यावर आरामात निघते. जनरेटर आणि स्पीकर यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स (एसीला होणारा विरोध) बदलला तरी करंट जवळपास तेवढाच राहतो. आधी स्पीकरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावा, मीटर एसी मिलिव्होल्टवर, आणि त्याच्यावर ५० मिलिव्होल्ट येतील असं अँप्लिट्यूड जमवा (५० ओहमच्या सेटिंगवर साधारण साडेसात व्होल्ट पीक टू पीक). आता करंट ५ मिलिअँपिअर झाला, म्हणजे दर ५ मिलिव्होल्टला १ ओहम, मीटरच तुमचा ओहममीटर झाला. रेझिस्टर काढून स्पीकर लावा आणि ५० हर्ट्झपासून सावकाश वर चढा.

आधी आकडा ३५ मिलिव्होल्टच्या आसपास पडून राहतो, मग काहीशे हर्ट्झच्या दरम्यान चढायला लागतो, ६०, ९०, स्पीकर चांगला असेल तर त्याहून वर, आणि मग पुन्हा उतरतो. शिखर जिथे आलं ती रेझोनन्स फ्रिक्वेन्सी. शिखरावर असताना पडद्याला बोट लावा, आकडा लगेच कोसळतो, कारण तिथे पडदा जोरात हलून स्वतःच व्होल्टेज तयार करत असतो आणि तुम्ही त्याला हलू देत नाही. आणखी एक, स्पीकरची पाठ छोट्या डबीने बंद करून पुन्हा शिखर शोधा, ते वर सरकलेलं सापडेल, आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते म्हणून. मीटर स्वस्तातला असेल तर त्याच्या एसी रेंजवर काही शे हर्ट्झच्या पुढे फार भरवसा ठेवू नका, शिखराची जागा तरीही बरोबर कळते, उंची चुकते. यात स्पीकरला मिलिवॅटहून कमी पॉवर जाते, तासभर खेळलात तरी काही होत नाही.

प्रश्न : जनरेटर नाहीये, मोबाईलच्या टोन अ‍ॅपने भागेल का?

उत्तर : ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यासाठी भागेल. पण हेडफोनच्या आउटपुटला ८ ओहमचा स्पीकर थेट लावू नका, ते १६-३२ ओहमसाठी असतं, मधे अँप्लिफायर आणि पॉट ठेवा. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर टोन हळू ठेवून ऐकत असताना मेसेजची घंटी त्याच अँप्लिफायरमधून ठणाणा वाजेल.

प्रश्न : पिझोची पितळी चकती जनरेटरला थेट चालते का?

उत्तर : चालते, आणि चांगली चालते. ती कॉइल नाही, कपॅसिटरसारखी आहे, साधारण २० नॅनोफॅरडची धरली तर ४ किलोहर्ट्झला सुद्धा २ किलोओहम होतात, त्यामुळे जनरेटरचं जवळपास पूर्ण व्होल्टेज तिला मिळतं. काही किलोहर्ट्झला तिचा स्वतःचा रेझोनन्स येतो, तिथे ती अचानक किंचाळते, म्हणून स्वीप करताना तोंडाजवळ धरू नका. चकती दाबली किंवा आपटली तर ती स्वतः बरेच व्होल्ट तयार करते, जोडण्याआधी तिच्या दोन्ही वायरी एकदा एकमेकींना टेकवून घ्या.